मे महिन्यात कूलिंग टॉवरचं पाणी थंड होत नाही, मोठा टॉवर घ्यावा का?

कुंडईचा_युटिलिटीवाला | ९ मे, रात्री ९.४०

नमस्कार मंडळी. गोव्यातल्या कुंडई औद्योगिक वसाहतीतल्या एका औषध कारखान्यात मी युटिलिटी बघतो. चिलर, बॉयलर, कॉम्प्रेसर, पंप, सगळं आलं त्यात. गेले दहा दिवस डोकं ठिकाणावर नाही, म्हणून इथं विचारतो.

आमचा चिलर, म्हणजे खोल्या गार ठेवणारं यंत्र, २५० टन क्षमतेचा, स्क्रू कॉम्प्रेसरचा, पाण्याने थंड होणारा. त्याच्या कंडेन्सरचं, म्हणजे चिलरची उष्णता घेऊन येणारं, पाणी थंड करायला मागच्या अंगणात चौकोनी एफआरपी (फायबरग्लास) टॉवर आहे. वर पंखा, खाली चारही बाजूंनी जाळ्या. फिरतं पाणी ताशी २०० घनमीटर. टॉवरच्या पाटीवर ३२ अंशांचं पाणी देईन असं लिहिलं आहे. जानेवारीत तर २८ मिळत होतं. आता दुपारी तीनच्या सुमाराला टॉवरमधून निघणारं पाणी ३४.५ आणि चिलरमधून परत येणारं ३९. चिलरमधल्या वायूचा दाब (हेड प्रेशर) चढतो, चिलर ट्रिप होतो म्हणजे आपोआप बंद पडतो, खाली खोल्यांचं तापमान वाढतं आणि उत्पादनवाले माझ्या टेबलापाशी येऊन उभे राहतात.

टॉवर पुरवणाऱ्याचा माणूस येऊन बघून गेला. म्हणाला, टॉवर लहान पडतोय, ३५० टनांचा घ्या. कोटेशन आलं आहे. सोमवारी साहेब सही करतील. टॉवर सहा वर्षांचा आहे, आतली फिल (जिच्यावरून पाणी पसरत खाली येतं ती भरण) मला तरी बरी दिसते. खरंच बदलायला हवा का?

जुना_फिटर_बेतोडा | ९ मे, रात्री १०.२५

सही थांबवा. निदान चार दिवस.

पाटीवर तीन आकडे असतात, तुम्ही एकच सांगितलात. गरम पाणी किती, थंड किती आणि वेट बल्ब किती. तिसरा आकडा वाचल्याशिवाय पहिल्या दोघांना काही अर्थ नाही. तुमच्या पाटीवर ३७, ३२, २८ असं असणार, उद्या बघून या.

टॉवर पाणी थंड करतो तो हवेच्या थंडपणाने नाही, हवेच्या कोरडेपणाने. १ किलो पाण्याची वाफ व्हायला सुमारे ५८० किलोकॅलरी लागतात आणि त्या उरलेल्या पाण्यातूनच घेतल्या जातात. म्हणून शंभर लिटरांतलं एक लिटर उडालं, तर बाकीचं पाणी साडेपाच-सहा अंशांनी उतरतं. किती उडेल ते हवा ठरवते. ओलं फडकं गुंडाळलेला थर्मामीटर वाऱ्यात फिरवला की तो जिथं येऊन थांबतो, तो वेट बल्ब. कितीही मोठा टॉवर आणा, पाणी त्याच्या खाली जाणार नाही. त्याच्या तीन-चार अंश वर आलं तरी टॉवर चांगला म्हणायचा.

थंड पाणी आणि वेट बल्ब यांच्यातल्या फरकाला अप्रोच म्हणतात. गरम आणि थंड पाण्यातल्या फरकाला रेंज. रेंज ठरते तुमच्या चिलरच्या उष्णतेवर आणि पाण्याच्या प्रवाहावर, तिच्यात टॉवरचं कर्तृत्व काही नाही. टॉवरची लायकी कळते ती अप्रोचवरून. तीस वर्षांत मी बघितलं आहे, लॉगबुकात रेंज लिहिलेली असते, अप्रोच कुणीच लिहीत नाही.

तेव्हा दोन साधे थर्मामीटर घ्या. एकाच्या टोकाला सुती वात बांधा, स्वच्छ पाण्यात भिजवा आणि मिनिटभर जोरात फिरवा. वाऱ्यात हात आखडता घेऊ नका, नुसता धरून ठेवला तर चुकीचा जास्त आकडा येतो. दुपारी तीनला घ्या. आणि दोन ठिकाणी घ्या: एकदा गेटवर उघड्यावर, एकदा टॉवरच्या जाळीला अगदी लागून, चारही बाजूंना.

चिलरचं कंडेन्सिंग तापमानही, म्हणजे कंडेन्सरमध्ये वायूचा द्रव होतो ते तापमान, लिहून आणा.

आयटीआय_फर्मागुडी | ९ मे, रात्री १०.५८

काका, एक शंका. आमच्याकडे सगळे म्हणतात की टॉवरला खरा त्रास पावसात होतो, हवा ओली असते म्हणून. मग मे महिन्यात का अडकलं?

जुना_फिटर_बेतोडा | ९ मे, रात्री ११.१५

चांगला प्रश्न विचारलास, कारण हा गैरसमज मोठ्या इंजिनिअरांनाही असतो. पावसात आर्द्रता ९० टक्के असते हे खरं, पण हवा असते २८ अंशांची. तिचा वेट बल्ब येतो साडेसव्वीसच्या आसपास. मे अखेरीस दुपारी ३३ अंश आणि ६५ टक्के धर, वेट बल्ब साडेसत्तावीस. म्हणजे टॉवरला मे जुलैपेक्षा वाईट. जानेवारीतल्या दुपारी ३२ अंश असले तरी आर्द्रता ४५ टक्क्यांवर येते आणि वेट बल्ब २३. साध्या थर्मामीटरवर मे आणि जानेवारी यांत एका अंशाचा फरक, वेट बल्बवर साडेचारांचा. जानेवारीतलं २८ आणि आताचं ३४.५ यांची सरळ तुलना होत नाही ती यामुळे.

पण साडेचार अंश वजा केले तरी दोन अंश उरतात. ते कुठून आले, ते शोधायचं आहे.

कुंडईचा_युटिलिटीवाला | १० मे, सायंकाळी ५.३०

फिटरकाका, पाटीवर तुम्ही म्हणालात तेच आकडे आहेत. ३७, ३२, २८.

आज दुपारी तीन वाजता घेतलेली रीडिंग:
गेटवर वेट बल्ब २७.५.
टॉवरच्या पूर्वेच्या जाळीपाशी २८.५, उत्तरेला २९, दक्षिणेला ३०.५, पश्चिमेला ३२.
थंड पाणी ३४.५, गरम ३९.
कंडेन्सिंग तापमान ४१.५.

मार्चच्या शटडाऊनमध्ये कंडेन्सरच्या नळ्यांना ब्रश मारला होता. पश्चिमेचा आकडा बघून मला वाटलं माझंच चुकलं, म्हणून तिथं तीन वेळा घेतला. तिन्ही वेळा ३२.

जुना_फिटर_बेतोडा | १० मे, सायंकाळी ६.०५

चुकलं नाही. सापडलं.

आधी कंडेन्सर. ४१.५ मधून ३९ गेले, फरक अडीच. नळ्या स्वच्छ आहेत, चिलर निर्दोष. हा फरक पाच-सहा असता, तर मी टॉवरकडे बघितलंच नसतं.

आता टॉवर. गेटवरच्या हवेने हिशेब केला तर अप्रोच ७. पण टॉवर गेटवरची हवा कुठं पितोय? तो जी हवा पितोय तिचा वेट बल्ब चारही बाजू धरून ३० आहे. तिथून अप्रोच साडेचार. म्हणजे तुमचा टॉवर त्याच्या वाट्याला आलेल्या हवेत त्याचं काम नीट करतोय. त्याला स्वतःचीच उष्टी हवा परत पाजली जात आहे. पंख्यातून वर गेलेली गरम, वाफेने भरलेली हवा खाली येऊन पुन्हा जाळीत शिरते.

पश्चिमेला काय आहे? नवीन काही बांधलंय का अलीकडे?

कुंडईचा_युटिलिटीवाला | १० मे, सायंकाळी ६.२०

आहे. एप्रिलमध्ये पावसाची तयारी म्हणून पश्चिमेच्या बाजूला पत्र्याची शेड घातली, रिकामी पिंपं ठेवायला. टॉवरपासून साधारण चार फुटांवर. छप्पर टॉवरच्या पंख्याच्या तोंडापेक्षा थोडं उंच जातं आणि तिन्ही बाजूंनी पत्रे लावलेत. पाऊस आत येऊ नये म्हणून मीच सांगितलं होतं तसं. पहिल्या पोस्टमध्ये लिहायचं सुचलंच नाही, मला तो टॉवरशी संबंधित विषय वाटला नाही.

जुना_फिटर_बेतोडा | १० मे, सायंकाळी ६.५०

कुणालाच वाटत नाही. आपल्याकडे पावसाच्या तोंडावर प्रत्येक कारखान्यात आणि घराच्या प्रत्येक व्हरांड्यात पत्रे चढतात. टॉवरचं अंगण सगळ्यांना रिकामी जागा वाटते. ती जागा रिकामी नसते, ती टॉवरचं नाक असते.

दुपारी समुद्राकडचा वारा पश्चिमेकडून येतो. तो शेडच्या छपरावरून उडी मारतो, पलीकडे पोकळी होते आणि टॉवरची वाफ त्या पोकळीत खाली ओढली जाते. सकाळी वारा पडलेला असताना मोजलंत तर फरक कमी दिसेल, करून बघा. ट्रिप तीन वाजताच का होतो याचं उत्तर मला वाटतं हेच. उन्हाचा वाटा त्यात आहे, पण वाऱ्याचा जास्त.

आणि ३५० टनांचा टॉवर त्याच जागी बसवला असता, तर तो आणखी हवा ओढणार, आणखी वाफ सोडणार आणि तीच परत पिणार. पैसे गेले असते आणि पुढच्या मे महिन्यात तुम्ही इथंच असता.

शेड हलवा. हलवता येत नसेल तर निदान बाजूचे पत्रे काढा आणि छप्पर जाळीच्या वरच्या काठाच्या खाली आणा. माझा साधा नियम: जाळीसमोर निदान जाळीच्या उंचीइतकी मोकळी जागा हवी. भिंत पंख्याच्या तोंडापेक्षा उंच असेल तर त्याहून बरीच जास्त.

ते होईपर्यंत एक दिवस पंखा बंद करून आत बघा. मोटरचा आयसोलेटर काढून, कुलूप लावून, चावी स्वतःच्या खिशात. फिलवर पाय ठेवायचा नाही, फळी टाकायची. एका ठिकाणी एक पोरगा फिलवर उभा राहिला आणि कंबरेपर्यंत खाली गेला. नशिबाने पंखा बंद होता. आत नोझल बघा, पाणी सगळीकडे सारखं पडतं का बघा. जिथं पाणी पडत नाही तिथून हवा फुकट निघून जाते, कारण कोरड्या वाटेने तिला जायला सोपं पडतं.

मिठागराची_लेक | १० मे, रात्री ९.१०

फिटरकाकांनी हवेचं सांगितलं, मी पाण्याचं सांगते. दहा वर्षं पाण्याच्या रसायनांचं काम करते आहे, वेर्णा ते कुंकळ्ळी सगळीकडे.

माझं घर पेडण्यातल्या आगरवाड्याचं, आजोबांची मिठागरं होती. टॉवर मला पहिल्या दिवशी समजला तो त्यामुळेच. खाडीचं पाणी वाफ्यात घेतात, ऊन पाणी उडवतं, मीठ मागं राहतं. टॉवरमध्येही पाणी उडतं आणि क्षार मागं राहतात. फरक एवढाच की मिठागरात मीठ हवं असतं, इथं ते नळ्यांवर बसू द्यायचं नसतं. म्हणून थोडं खारट झालेलं पाणी सतत सोडून द्यावं लागतं, त्याला ब्लोडाऊन म्हणतात. फिरत्या पाण्यातले क्षार मेकअपच्या, म्हणजे नव्याने भरलेल्या, पाण्यापेक्षा किती पट झालेत, तो आकडा म्हणजे सायकल.

युटिलिटीवाले दादा, तुमचाच हिशेब घेऊ. ताशी २०० घनमीटर, पाटीवरची रेंज ५. दर तासाला साधारण १.५३ घनमीटर पाणी उडणार, दिवसाला ३६.७. हे टळणार नाही, हीच तर थंड होण्याची किंमत आहे. टाळता येतं ते सोडून दिलेलं पाणी. ब्लोडाऊन म्हणजे उडालेलं पाणी भागिले सायकल उणे एक.

सायकल २ असेल तर जेवढं उडतं तेवढंच गटारात जातं. दिवसाला मेकअप ७३ घनमीटर.
सायकल ३ असेल तर ५५.
सायकल ५ असेल तर ४६.
सायकल ८ असेल तर ४२.

दोनवरून पाचवर आलात की दिवसाला २७ घनमीटर, म्हणजे दहा हजार लिटरचे जवळजवळ तीन टँकर वाचतात. पाचवरून आठवर गेलात तर फक्त चार घनमीटर, आणि त्या चारसाठी क्षार बसण्याचा धोका फार वाढतो. म्हणून मी पाच-सहाच्या पुढं कुणाला ढकलत नाही. पाणी फार चांगलं असेल तर गोष्ट वेगळी.

तुमची सायकल किती आहे? कंडक्टिव्हिटी मीटर (पाणी किती वीज वाहतं यावरून क्षार दाखवणारा) घ्या, टॉवरच्या पाण्याचा आकडा भागिले मेकअपचा आकडा. क्लोराइडवरून काढू नका, कारण तुम्ही हायपो (क्लोरीनयुक्त जंतुनाशक) टाकत असाल तर त्यातूनही क्लोराइड येतं आणि सायकल आहे त्याहून जास्त दिसते.

कुंडईचा_युटिलिटीवाला | ११ मे, सकाळी ८.१५

ताई, आत्ताच मोजून आलो. मेकअप ११०, टॉवर २५०. म्हणजे सव्वादोन सायकल. ब्लोडाऊनचा व्हॉल्व्ह हाताने थोडा उघडून ठेवलेला असतो, दिवसरात्र. कुणी आणि कधी ठेवला ते कुणालाच माहीत नाही. शिवाय फ्लोट व्हॉल्व्ह नीट बसत नाही, ओव्हरफ्लोच्या पाइपातून धार चालू असते. ती आम्हाला इतकी सवयीची झाली आहे की आवाजही ऐकू येत नाही.

मिठागराची_लेक | ११ मे, सकाळी ८.४०

ओव्हरफ्लो आज बंद करा, बाकी सगळं नंतर. ती धार म्हणजे न मोजलेलं ब्लोडाऊन. तिच्याबरोबर तुम्ही टाकलेलं प्रत्येक रसायन वाहून जातं. ते पाणी पावसाच्या गटारात जात असेल तर प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या संमतीपत्रातही ते बसणार नाही, ते प्रक्रिया संयंत्रात जायला हवं.

मग ब्लोडाऊनवर कंडक्टिव्हिटी कंट्रोलर बसवा. ५५० वर उघडेल, ५०० वर बंद होईल असा लावा. हाताने उघडलेला व्हॉल्व्ह रात्री चिलर अर्ध्या लोडवर असतानाही तेवढंच पाणी सोडत राहतो.

आपल्या गोव्याचं एक वेगळेपण लक्षात ठेवा. घाटावरचे पुरवठादार येतात ते क्षार बसू न देणारं औषध डोळे झाकून देतात, कारण तिकडं पाणी जड. इथं जांभ्यातल्या विहिरीचं पाणी मऊ, किंचित आम्लधर्मी आणि पुष्कळदा लोहयुक्त असतं. ते नळीवर बसत नाही, नळी खातं. सायकल दोनवर ठेवली तर पाणी तसंच भुकेलं राहतं आणि पाइप गंजतात. पाचवर नेलं की अल्कलिनिटी वाढते, सामू आठच्या वर स्थिरावतो आणि पाणी शांत होतं. म्हणजे इथं सायकल वाढवणं पाण्यासाठीही बरं आणि लोखंडासाठीही. तरी गंजरोधक लागतंच. आधी तोलून महिनाभर पाण्यात ठेवलेली लोखंडाची पट्टी परत तोलून बघा, पुरवठादाराच्या अहवालापेक्षा ती खरं बोलते.

पण टँकर आला की सगळा हिशेब बदलतो. मे महिन्यात टँकर कुठल्या विहिरीवर भरतो ते आपल्याला कळत नाही. खाजनाच्या, म्हणजे खाडीकाठच्या सखल खारट जमिनीच्या, कडेच्या विहिरी उन्हाळ्यात मचूळ होतात. एकदा एका ठिकाणी मेकअप एका रात्रीत १२० वरून ९०० वर गेलेला मी पाहिला आहे, आणि कंडेन्सरशेजारचं स्टेनलेस ३०४ टिपक्याटिपक्यांनी गंजलेलं. टँकर रिकामा करण्याआधी मीटर बुडवा. एका मिनिटाचं काम आहे.

मडकईची_वहिनी | ११ मे, दुपारी १२.३०

मी इंजिनिअर नाही, शिक्षिका आहे. धागा वाचला म्हणून विचारते, राग मानू नका. आमच्या वाड्यावर मे महिन्यात नळ एक दिवसाआड येतो, तोही तासभर. आणि तुम्ही म्हणता एका कारखान्यात रोज सत्तर हजार लिटर पाणी, त्यातलं निम्मं गटारात. आमच्या नळाला येतं तेच ओपा जलप्रकल्पाचं पाणी ना हे? दुसरं, पहाटे त्या टॉवरमधून पांढरा धूर निघतो, मुलं विचारतात तो विषारी आहे का.

कुंडईचा_युटिलिटीवाला | ११ मे, दुपारी १.४५

वहिनी, राग कसला. तुमचा प्रश्न वाचून लाज वाटली, खरं सांगतो. हो, नळाचंच पाणी आहे. ओव्हरफ्लो सकाळीच बंद केला. फ्लोटचं वायसर फाटलं होतं, एवढंच.

मिठागराची_लेक | ११ मे, दुपारी २.२०

वहिनी, धूर नव्हे, ते धुकं आहे. ओली गरम हवा पहाटेच्या गार हवेत मिसळते आणि वाफेचे थेंब दिसू लागतात, थंडीत तोंडातून दिसतात तसे. ऊन चढलं की दिसेनासं होतं. ते शुद्ध पाणी असतं, त्यात रसायन नसतं.

टॉवरमधून जे खरे थेंब वाऱ्याबरोबर उडतात, त्यांना ड्रिफ्ट म्हणतात. त्यांत मात्र टॉवरचंच पाणी असतं, क्षार आणि जंतूंसकट. शेजारी लावलेल्या गाड्यांच्या काचांवर पांढरे ठिपके पडत असतील तर समजावं की आतले थेंब अडवणारे ड्रिफ्ट एलिमिनेटर तुटलेत. पाण्याच्या हिशेबात ड्रिफ्ट फार छोटं, चांगल्या एलिमिनेटरने फिरत्या पाण्याच्या ०.०२ टक्क्यांच्याही खाली राहतं. पण आरोग्याच्या हिशेबात मोठं. १९७६ मध्ये अमेरिकेत फिलाडेल्फियाच्या एका हॉटेलात माजी सैनिकांचं अधिवेशन भरलं होतं. तिथं न्युमोनियासारख्या अनोळखी आजाराने २९ सदस्य दगावले. पुढच्या जानेवारीत जंतू सापडला, त्याला लिजिओनेला नाव मिळालं, आणि संशय हॉटेलच्या कूलिंग टॉवरकडे गेला. हा जंतू २५ ते ४५ अंशांच्या पाण्यात आणि शेवाळाच्या बुळबुळीत थरात वाढतो. आपले टॉवर बारा महिने त्याच तापमानात असतात. म्हणून क्लोरीन किंवा ब्रोमीन नियमित हवं. सामू आठच्या वर असेल तर क्लोरीनचा जोर बराच कमी होतो, तिथं ब्रोमीन चांगलं चालतं. टॉवर धुताना नेहमीचा कापडी मास्क पुरत नाही, चांगला श्वसनमास्क लावा. आणि चवथीच्या सुट्टीत चार-पाच दिवस बंद राहिलेला टॉवर तसाच चालू करू नका, आधी जंतुनाशक टाकून पंखा न लावता पाणी फिरवा.

पाण्याच्या बाबतीत तुमचं म्हणणं शंभर टक्के खरं आहे, आणि त्यावर उपाय कारखान्याच्या आतच आहेत. युटिलिटीवाले दादा, तुमचं औषधांचं काम म्हणजे बाहेरची ताजी हवा भरपूर घेत असाल. ताशी १०,००० घनमीटर ताजी हवा या दिवसांत गार केली, तर तिच्यातून ताशी शंभर लिटरांच्या वर पाणी गळतं, दिवसाला अडीच घनमीटरांहून जास्त. गार, जवळजवळ क्षारमुक्त. आज ते कुठं जातं?

कुंडईचा_युटिलिटीवाला | ११ मे, दुपारी २.५०

गटारात. आमची ताजी हवा तर त्याच्या दुप्पट आहे.

कांदोळी_हॉटेल_इंजिनिअर | ११ मे, रात्री १०.३०

आमच्या हॉटेलात तीन वर्षांपासून ते पाणी टॉवरच्या बेसिनमध्ये घेतो. साध्या पीव्हीसी पाइपचं काम, उताराने येतं, पंपही लागला नाही. फक्त एएचयूच्या (हवा गार करणाऱ्या युनिटच्या) ट्रेमध्ये बुळबुळ असते, ती आधी साफ ठेवा.

एक मुद्दा कुणी मांडला नाही. पंख्याला व्हीएफडी (मोटरचा वेग कमी-जास्त करणारं उपकरण) लावा. पंख्याचा वेग ८० टक्के केला की वीज निम्म्यावर येते, कारण वीज वेगाच्या घनात बदलते. आमच्याकडे दोन सेलचा टॉवर आहे. पूर्वी एक पंखा पूर्ण वेगाने आणि दुसरा बंद असं चालवायचो. आता दोन्ही निम्म्या वेगाने चालवतो. हवा जवळपास तेवढीच आणि वीज एका पंख्याच्या पाव.

जुना_फिटर_बेतोडा | ११ मे, रात्री १०.५५

दोन सेलचं तुमचं बरोबर आहे, मनापासून मान्य. पण कुंडईवाल्यांना मी तो सल्ला आत्ता देणार नाही. त्यांचा पंखा साडेसात किलोवॅटचा असेल. ८० टक्क्यांवर नेला तर साडेतीन किलोवॅट वाचतात. हवा कमी झाली की पाणी अंशभर वर जातं. त्यांचा चिलर दीडशे किलोवॅट खातो आणि कंडेन्सरचं पाणी एक अंश वर गेलं की दोन-तीन टक्के जास्त खातो, म्हणजे तीन ते साडेचार किलोवॅट. पंख्यात वाचवलेलं चिलर खाऊन टाकतो. मे महिन्यात पंखा पूर्ण वेगाने, आणि पात्यांचा कोन मोटरच्या अँपिअरला परवडेल तेवढा.

कांदोळी_हॉटेल_इंजिनिअर | ११ मे, रात्री ११.१०

मे महिन्यापुरतं पटलं. पण डिसेंबरच्या रात्री वेट बल्ब १९-२० वर येतो आणि चिलर चाळीस टक्के लोडवर असतो. तेव्हा चिलरच्या कंपनीने सांगितलेल्या किमान तापमानाच्याही खाली पाणी जाऊ शकतं, तिथं पंखा कमी करावाच लागतो. चालू-बंद करत बसण्यापेक्षा व्हीएफडी बरा, पट्टे आणि गिअरबॉक्सही टिकतात.

जुना_फिटर_बेतोडा | ११ मे, रात्री ११.२०

हो, तेव्हा बरोबर. मग व्हीएफडीला एक ठरावीक २९ अंशांचा सेटपॉइंट देऊन विसरू नका. तो वेट बल्बच्या मागोमाग सरकला पाहिजे. मे महिन्यात २९ मिळणारच नाही आणि जानेवारीतल्या रात्री २५ मिळत असताना तुम्ही २९ वर अडून बसाल.

कुंडईचा_युटिलिटीवाला | २ जून, रात्री ८.००

उशीर झाला, माफ करा. सगळं एका दमात सांगतो.

११ तारखेलाच साहेबांना पश्चिमेचा ३२ आणि गेटचा २७.५ दाखवला. ते स्वतः थर्मामीटर फिरवायला आले. सही थांबली. १४ तारखेला शेडचे बाजूचे पत्रे काढले, २० तारखेला छप्परच उतरवलं. पिंपं आता गोदामाच्या पलीकडच्या भिंतीला आहेत.

पत्रे काढल्यावर पश्चिमेचा वेट बल्ब २९ वर आला. छप्पर उतरवल्यावर चारही बाजू २७.५ ते २८. फिटरकाका, सकाळी वारा नसताना आधीही मोजलं होतं, तुम्ही म्हणालात तसंच, जाळीपाशी फक्त अर्धा अंश जास्त होता.

१७ तारखेच्या रविवारी टॉवर उघडला. नैर्ऋत्येच्या कोपऱ्यातली नऊ नोझल तांबड्या गाळाने बंद होती. तिथली फिल कोरडी, हात लावला तर भुसभुशीत. तेवढे ब्लॉक बदलले, बेसिनमधून चार घमेली गाळ काढला, पंपाच्या सक्शनची जाळी नवीन घातली.

काल दुपारी तीनचं रीडिंग: गेटवर वेट बल्ब २७.५, थंड पाणी ३१.८, गरम ३६.८. अप्रोच ४.३. २० तारखेपासून चिलर एकदाही ट्रिप झालेला नाही.

पाणी: कंडक्टिव्हिटी कंट्रोलर २६ तारखेला बसला. ताई, सायकल आता ४.८ वर आहे. मेकअपच्या मीटरवर दिवसाला ४७ घनमीटर येतं, आधी ७१ येत होतं. दोन एएचयूचं गळणारं पाणी बेसिनला जोडलं, ते मीटरमध्ये धरलेलं नाही, तिसऱ्याचा पाइप या आठवड्यात. वहिनी, हे तुमच्यासाठी मुद्दाम लिहितो: मे महिन्याचे शेवटचे पाच दिवस आम्ही एकही टँकर मागवला नाही.

एक प्रश्न राहिला. छपराचं पावसाचं पाणी टॉवरला घ्यावं का? हजार चौरस मीटरचं छप्पर आहे.

मिठागराची_लेक | २ जून, रात्री ८.३५

दादा, वाचून खूप बरं वाटलं.

जरूर घ्या. आपल्याकडे वर्षाला सुमारे ३,००० मिलिमीटर पडतो. हजार चौरस मीटरवर वाया जाणारं धरूनही २,४०० घनमीटर हाती येतील, म्हणजे चार महिन्यांच्या तुमच्या गरजेच्या चाळीस टक्क्यांच्या वर. मोठी टाकी नसेल तर सगळं साठणार नाही, पण पडेल तसं वापरत गेलात तरी पुष्कळ. पहिल्या दोन पावसांचं पाणी सोडून द्या, छपरावर वर्षभराची धूळ आणि पाला असतो. आणि पावसाचं पाणी अतिशय मऊ, म्हणजे गंजाचा धोका परत आला. ते नळाच्या पाण्यात मिसळून घ्या. मेकअपची कंडक्टिव्हिटी उतरली की कंट्रोलरचा ५५० हा आकडाही त्या प्रमाणात खाली आणा, नाहीतर सायकल नकळत दहा-बारावर जाईल. गंजाची पट्टी महिन्याऐवजी पंधरा दिवसांनी तोला.

मडकईची_वहिनी | २ जून, रात्री ९.१०

दादांचं टँकर न मागवल्याचं वाक्य मुलांना वर्गात वाचून दाखवणार आहे. धुक्याचंही सांगितलं त्यांना.

जुना_फिटर_बेतोडा | २ जून, रात्री ९.४०

अप्रोच ४.३, पाटीवर ४. सहा वर्षांच्या टॉवरला याहून जास्त मागू नये.

लॉगबुकात वेट बल्बचा रकाना आखून घ्या आणि दर पाळीला भरायला लावा. पाऊस लागला की पहिल्या आठवड्यातलं दुपारी तीनचं रीडिंग इथं टाका. माझ्या अंदाजाने वेट बल्ब साडेसव्वीस आणि पाणी ३१ च्या आसपास येईल. आणि ती पिंपं आता जिथं आहेत तिथं कुणी पत्रे चढवायला आलं, तर आधी कॉम्प्रेसरची हवा कुठून जाते ते बघा.